‘ब्रावा’ सापडत नाही
वुकोसावा आर्सेनोव बाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ‘कातानात्स’चा संसार अंगावर घेतला. कातानात्स म्हणजे कुलूप. संगणकावरचे निरोप कुलूपबंद करणारी ही लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार संच, कुणीही फुकट वापरावा असा. झ्रेन्यानिनमधल्या शेजाऱ्यांना मात्र लायब्ररी एकाच प्रकारची माहीत. समोरची रादोयका वर्षातून दोनदा तरी बाईंकडे कादंबरी मागायला यायची.

त्या शुक्रवारी मात्र बाईंना हसायलाही फुरसत नव्हती. संध्याकाळी पाचच्या आत नवी आवृत्ती सगळ्यांच्या यंत्रांवर धड बांधली गेली नाही, म्हणजे फाइलींतून चालता प्रोग्रॅम तयार झाला नाही, तर एका मोठ्या मोफत प्रणालीच्या यादीतून कातानात्सचं नाव कटणार होतं. म्हणजे अकरा वर्षांची मेहनत पाण्यात.

सकाळपासून जगभरातून एकच रड चालू होती: ‘brava.c ही फाइल सापडत नाही.’ आणि फाइल तर यादीत ढळढळीत दिसत होती! बाईंच्या यंत्रावर सगळं सुरळीत बांधलं जात होतं. एकाने सल्ला दिला, यंत्र बंद करून चालू करा. दुसरा म्हणाला, सगळं नव्या प्रोग्रॅमिंग भाषेत पुन्हा लिहून काढा, शनिवार-रविवार आहेच. पदरी चार हजार इंजिनीअर बाळगून कातानात्स फुकट वापरणाऱ्या एका कंपनीने तिसरं स्मरणपत्र धाडलं: ‘आमचे ग्राहक खोळंबले आहेत. कृपया गांभीर्य दाखवा.’

तीन वाजता रियेकाहून आंद्रोचा फोन आला. कातानात्स सांभाळणारा हा दुसरा माणूस, तिसरा नव्हताच.

“बाई, तुम्ही घरच्या म्हणून दार उघडतंय. एकदा पाहुण्यासारख्या या. नव्या फोल्डरमध्ये सगळं उतरवा नि बांधा.”

“आता तू मला शिकवणार?”

“सकाळपासून तुम्हीच शिकवताय, ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणून.”

बाईंनी तणतणत नवं फोल्डर केलं.

“पडलं. इथेही ब्रावा सापडत नाही,” दोन मिनिटांनी त्या म्हणाल्या.

“अभिनंदन.”

काल बाईंनी ब्रावा नव्याने लिहून जुनी फाइल पुसली होती. पण तिचा आधी बांधलेला तुकडा जुन्या फोल्डरात तसाच पडून होता आणि यंत्र मुकाट्याने तोच जोडत बसलं होतं. मग नवी फाइल कुठे गेली? समोर तर होती. बाईंनी यंत्राला तिच्या नावाची लांबी विचारली.

“आंद्रो, टिंब धरून अक्षरं सात आहेत. हे आठ सांगतंय.”

“गणिताच्या बाई तुम्ही. मी काय बोलू?”

बाईंची नजर पडद्याच्या कोपऱ्यात, कळफलकाची लिपी दाखवणाऱ्या खुणेवर गेली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. काल नाव देताना चुकून brva.c झालं होतं. तेवढ्यात नणंदेने निरोप पाठवून मुरंब्याला आलुबुखार किती घ्यायचे ते विचारलं, बाईंनी सिरिलिक लिपीत उत्तर टंकलं आणि परत येऊन राहिलेला a घातला. कळफलक तेव्हा सिरिलिकवरच राहिला होता! तो a रोमन a चा जुळा भाऊ. डोळ्याला तोच, पण यंत्र त्याला दोन मोजतं.

“मिरवा तुमच्या देशाच्या दोन-दोन लिप्या,” आंद्रो म्हणाला. “आम्ही सीमेपलीकडचे गरीब एकीवर भागवतो.”

“भागव. आधी सही कर.”

दुसऱ्याच्या सहीशिवाय कातानात्समध्ये एक अक्षर हलत नसे. आंद्रोने बाईंचा बदल उघडला. आत दोनच ओळी: brava.c काढली. brava.c घातली.

“बाई, हे कुणी पाहिलं तर म्हणेल, दोघं दिवसाढवळ्या प्यायलेत.” पण त्याने स्वतः नावाची लांबी मोजून घेतली. सात. चार बावन्नला सही झाली. चार अठ्ठावन्नला प्रणालीवाल्यांचं उत्तर आलं: ‘स्वीकारलं.’

पाच वाजून पाच मिनिटांनी कंपनीचं चौथं पत्र. बाईंनी ते आंद्रोला मोठ्याने वाचून दाखवलं: ‘आमच्या सततच्या पाठपुराव्याला अखेर यश आले, याचा आनंद वाटतो.’



“बाई, यांचा सत्कार कुठे ठेवायचा? तुमच्याकडे की माझ्याकडे?”

“त्यांच्याकडेच,” बाई म्हणाल्या. “चार हजार माणसं आहेत. टाळ्या तरी वाजतील.”