चतकोर रोडगा

आमच्या बाळापूरकडच्या पंगतींत माझ्या बाबांचा, मोतीरामचा, दरारा आहे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांची परात घेऊन ते निघाले की लोक ताटावर दोन्ही हात आडवे धरतात. उपयोग नसतो. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या ताटात दोन रोडगे जास्तच पडतात, वर तुपाची धार.

अशा माणसाचा मुलगा उपाशी राहिला, आणि कुणाला पत्ता नाही! माझा धाकटा भाऊ ललित बारावीत आहे. पोटावर चरबी नको म्हणून त्याने जेवण तोडलं आणि पळणं वाढवलं. बाबांसकट सगळ्या गावाने कौतुक केलं. मी वाळले असते तर आईने लगेच पाळीचं विचारलं असतं. मुलाला काय विचारणार? शेवटी तो वांग्याच्या वावरातच चक्कर येऊन पडला.

अकोल्यात डॉक्टर माया मॅडमनी त्याची मंद नाडी पाहून त्याला तिथंच दाखल करून घेतलं. “मुलींची पाळी थांबली की घर जागं होतं,” त्या म्हणाल्या. “मुलांत अशी खूण नसते, म्हणून ती आमच्याकडे उशिरा येतात. तोवर हृदय थकलेलं असतं.”

दोन-चार दिवसांनी ललित हळूच म्हणाला, “ताई, भूक लागली.” मी रडलेच. बाबा तडक घरी जाऊन डबाभर रोडगे घेऊन आले. मॅडम दारातच आडव्या आल्या.

“पोरगं भूक लागली मनते, अन् तुमी मले अडवून राहिले? काहून?”

“काका, उपाशी शरीरात एकदम एवढं गेलं तर रक्तातले क्षार कोसळतात. हृदय बंद पडू शकतं. थोडं थोडंच वाढवायचं.”

बाबा डबा पोटाशी धरून बाकावर बसले. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही आला.

मग मॅडम सांगतील तेवढंच ते वाढू लागले. हात आपसूक दुसऱ्या चमच्याकडे जाई, तो ते मागे घेत. रक्ताची तपासणी चांगली निघाली की घास वाढे.

ललितला घरी सोडताना मॅडम म्हणाल्या, “आता मागेल तेवढं द्या. पण मागू द्या.”

त्या रविवारी बाबांनी अंगणात रोडगे भाजले. ललितच्या ताटात चतकोर ठेवून परातीसह मागे सरकले. त्यांचा जीव कासावीस झालेला मला दिसत होता. ललितने चतकोर संपवला आणि ताट पुढे केलं.

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी कुणाला तरी विचारलं, “किती वाढू रे?”

“आख्खा वाढा, बाबा.”