खालचा हात

पलंगाखाली टॉर्च मारत कारखान्यातला सुरक्षा अधिकारी तिसऱ्यांदा पोटावर आडवा झाला. लेंड्या नव्हत्या. काल संध्याकाळी घातलेलं वाळलं गवत टोपलीत जसंच्या तसं होतं, आणि ससा कपाटाच्या कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसला होता. गाजराचा तुकडाही त्याने नाकाने बाजूला सारला.

सशाचं नाव कारकून. घरातला कुठलाही कागद त्याच्या दातांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे, म्हणून बायकोने ठेवलेलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात?" खुर्चीवरून सासऱ्यांनी विचारलं.

"बारा तास खाल्लं नाही म्हणजे आतडं थंडावलंय. वाट बघू नका, लगेच आणा म्हणाल्या."

"मग न्या."

अडचण तिथेच होती. कारखान्यात तीनशे कामगारांना वजन कसं उचलावं हे शिकवणाऱ्या या माणसाने सहा महिन्यांपूर्वी दीड किलोचा ससा छातीच्या उंचीवरून पाडला होता. सशाचा मागचा पाय महिनाभर बांधलेला होता. त्यानंतर गवत, पाणी, सफाई सगळं तोच करी. खोलीतल्या वायरी त्याने पाइपात घातल्या, भिंतीवर सूचनांचा तक्ता लावला. उचलायचं मात्र बायकोने. आणि बायको कामानिमित्त परगावी, उद्या येणार.

सासरेही त्याच सुमारास बदलले होते. दर रविवारी येत, खिशात हात घालून बसत, पण चहा घेत नसत. "आत्ताच झाला," म्हणत. अपघातांचे अहवाल लिहिण्यात हयात गेलेल्या जावयाने याचं कारण केव्हाच शोधून ठेवलं होतं: ज्याच्या हातून ससा सुटतो, त्याला मुलगी दिल्याचा पश्चात्ताप.

"बाबा, तुम्हीच उचला ना," तो म्हणाला. "चाळीस वर्षं काचा बसवल्यात तुम्ही. कधी साधा तडा नाही."

"एकदा गेला होता. सिनेमागृहाची दर्शनी काच." सासरे जागचे हलले नाहीत. "ससा तुमचा, जावईबापू, तुम्हीच उचला. आधी बसा. खाली, फरशीवर. उभ्याने कोण उचलतं?"

तो बसला. तक्त्यावर ही सूचना पाचव्या क्रमांकाला होती.

"आता बोला त्याच्याशी. चोरासारखे मागून जाऊ नका."

"काय बोलू?"

"साहेबाशी बोलता तसं. हळू, आणि मुद्द्यावर न येता."

जावयाने कारकुनाला हवेत उकाडा वाढल्याचं सांगितलं. सशाचा एक कान वळला.

"एक हात छातीखाली. दुसरा बुडाखाली. तो खालचा हात खरा, वरचा नुसता सोबतीला. काच असो नाहीतर ससा, अधांतरी वाटलं की गेलं. त्याला वाटलं पाहिजे, आपण अजून जमिनीवरच आहोत."

"लाथ मारली तर?"

"मारणारच. तेव्हा आवळायचं नाही आणि सोडायचंही नाही. छातीशी घ्यायचं. मागच्या वेळी तुम्ही घाबरून हात लांब केले असणार."

जावयाने बाह्या वर सारल्या. घरी सांगितलेल्या हकिगतीत त्याने एवढंच गाळलं होतं.

ससा उचलला गेला. मऊ, गरम, आणि आतून वेड्यासारखा धडधडणारा. मागचे पाय एकदा ताणले गेले. जावयाने त्याला छातीशी घेतलं आणि खालचा तळहात तसाच ठेवला. सशाने डोकं त्याच्या कोपराच्या बेचक्यात खुपसलं.

"आता पिंजऱ्यात. मागचं अंग आधी आत जाऊ द्या, म्हणजे उडी मारणार नाही."

"पिंजरा जरा धरता, बाबा? सरकतोय."

सासरे क्षणभर थांबले. मग त्यांनी खिशातून हात काढले, गुडघ्यांवर आले आणि पिंजरा धरला. पिंजऱ्याचं दार खडखडू लागलं. बारीक, न थांबणारी खडखड, काचांनी भरलेल्या टेम्पोतून येते तशी. कारकुनाचे कान ताठ झाले. जावयाची नजर दारावरून सासऱ्यांच्या बोटांवर गेली. सासऱ्यांनी हात काढून घेतले, मांडीने पिंजरा भिंतीशी दाबून धरला, आणि खडखड थांबली. ससा आत गेला, मागचं अंग आधी.

दुपारी कारकून एक इंजेक्शन आणि नळीने भरवलेलं पातळ खाणं पचवून परतला. असं धरायला कुणी शिकवलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आणि जावयाने बाहेरच्या बाकावर खिशात हात घालून बसलेल्या माणसाकडे बोट दाखवलं होतं.

चारच्या सुमारास कोपऱ्यातून गवत चावल्याचा आवाज आला. दोघे फरशीवर बसून तो ऐकत राहिले. मैफलीत बसावं तसे.

मग जावई उठला. स्वयंपाकघरात कपबशा बाजूला सारून त्याने मागचा जाडजूड मग काढला, त्यात अर्ध्यापर्यंतच चहा ओतला आणि न विचारता सासऱ्यांशेजारी ठेवला.

सासऱ्यांनी मगात डोकावून पाहिलं.

"अर्धाच?"

"उरलेला नंतर आणतो."

सासऱ्यांनी एकदा सशाकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले, एक मगाच्या कानाला लावला आणि दुसरा बुडाखाली.