न भरणारा ड्रम

दर गुरुवारी आमच्या गावच्या माळावर भस्मेबाबांच्या पत्र्याच्या शेडपुढे बायकांची रांग लागायची. पारनेरहून टेम्पो भरून यायचे. दारातच एक निळा ड्रम. त्यात आपली भाजक्या तंबाखूच्या मिश्रीची डबी रिकामी करायची आणि बाबांपुढे आ करायचा. बाबा हिरड्यांवर काळं भस्म चोळायचे. सकाळपासून डोकं धरून सुनेवर खेकसणारी बाई पाच मिनिटांत गार. बाकीच्या लगेच हात जोडायच्या.

"माय, तुझी तंबाखू म्या वढून घेतली," बाबा सांगायचे. "आता ही पुडी रोज लाव. खाडा केलास तर देव कोपंल. डोकं फुटंल, हात थरथरतील, घरात भांडनं लागतील."

आणि खरंच तसं व्हायचं. पुडी संपली की कोप, नवी आणली की कृपा. मी सगळी हयात एसटीत कंडक्टरकी केली, इतकी वक्तशीर गाडीसुद्धा कधी पाहिली नाही.

माझी बायको रतनबाई बाबांची कट्टर भक्त, रोज पुडी लावणारी. तिने आमच्या सुनेला, आरतीलाही तिथे नेलं. आरतीला सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी मिश्री बंद करायला सांगितली होती, पण पोरीला सुटत नव्हती. भस्माने एका दिवसात सुटली. सासू-सुना खूश. पुढच्या तपासणीत मात्र बाळाचं वजन वाढलेलं नव्हतं. "तंबाखू चालूच आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आरतीने पोटावर हात ठेवून नाही म्हणून सांगितलं. पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटली.

माझी मुलगी वृषाली पुण्यात औषधांवर संशोधन करते. भांग आणि तंबाखू मेंदूला चटक कशी लावतात, हे उंदरांवर तपासते. रतनबाई गावभर सांगते, पोरगी उंदरांना विड्या पाजते. बाळाच्या वजनाचं कळताच वृषाली आली, थुंकी तपासायच्या पट्ट्या घेऊन.

"तंबाखूतलं निकोटीन अंगात गेलं, की शरीर त्यापासून एक पदार्थ बनवतं," ती म्हणाली. "तो थुंकीत सापडला तर एकच रेघ, नसला तर दोन."

आधी तिने स्वतःची थुंकी तपासली. दोन रेघा. मग आरतीची. एकच.

"पट्टी खोटी हाय," म्हणत रतनबाईने स्वतःची तपासून घेतली. एकच.

आरती रडायला लागली. "ताई, म्या मिश्रीला हात लावला न्हाई वो. बाळाची आन."

"ठाऊक आहे, वहिनी. तुमच्या तोंडात दुसऱ्याचाच हात जातोय. ते भस्म म्हणजे मिश्रीच आहे."

रतनबाई पुटपुटली, "त्यो डरम कदी भरला न्हाई."

गुरुवारी वृषाली आणि मीही तिच्यासोबत माळावर गेलो. रतनबाई रांग सोडून ड्रमपाशी गेली आणि आत वाकून पाहिलं. तळ दिसत होता. "म्हाराज, इतक्या बायांची मिश्री गेली कुटं?"

"मंत्रानं जाळली, माय. अग्नीत पाप उरत न्हाई."

"धूर तर कदी दिसला न्हाई," म्हणत रतनबाई मागच्या खोलीत शिरली. आम्ही तिच्या मागे. तिथे खलबत्ता, गोवरीची राख, कापूर आणि गोणीभर मिश्री. कुटायचं काम अर्ध्यावर राहिलेलं.

"आमचीच मिश्री, राख कालवून आमच्याच तोंडात," रतनबाई बायकांना म्हणाली. "आन वर दक्षिना."

"माय, देव कोपंल!" बाबा ओरडले.

"बाबा, तो कोप नाही, तलफ आहे," वृषाली म्हणाली. "निकोटीन तुटलं की डोकं दुखतं, पुन्हा दिलं की थांबतं. तुम्ही आजार देता आणि उताराही तुम्हीच विकता."

बायका चवताळल्या. बाबा पारनेरच्याच टेम्पोत बसून पसार झाले. आता ते दुसऱ्या कुठल्या गावात तंबाखू ओढून घेत असतील.

आम्ही आरतीला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पुढचे दिवस कठीण गेले. तिचं डोकं ठणकायचं, हात कापायचे. रतनबाईनेही आपली भस्माची पुडी उकिरड्यात ओतली आणि सुनेजवळ कपाळाला फडकं बांधून बसली. "व्हऊ दे कोप," ती म्हणाली. "दोघी मिळून सोसू."

परवाच्या तपासणीत बाळाचं वजन वाढलेलं निघालं. म्हणून एवढंच सांगतो. डोकं दुखलं तर देव का कोपला ते विचारू नका. तोंडात काय गेलं ते विचारा, आणि ते कोणी घातलं तेही.