वाकळीबाहेरचा हात

सत्तावन सालच्या फ्लूला आता चौदा महिने झाले. पिंपरीतले लोक तो विसरलेसुद्धा. मला मात्र ते जमत नाही. टोचण्यासाठी कुणाचं बोट हातात घेतलं, की आधी ते गरम आहे का हे मी चाचपतो.

मी कारखान्याच्या दवाखान्यात रक्त तपासतो. बोट टोचायचं, थेंब नळीत ओढायचा, रेघांच्या काचेवर घालून पांढऱ्या पेशी मोजायच्या. साथीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. ज्याच्या पेशी दोन हजारांच्या खाली जात, तो आज चालत आलेला असला तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याची छाती भरे. उद्धवराव डॉक्टरांनी आधी मला वेड्यात काढलं. पाच माणसं तशीच गेली, तेव्हा ते माझा आकडा बघूनच खाट देऊ लागले. खाटा होत्या सहा, आणि दारात शंभर माणसं. मला त्याचा फार तोरा चढला होता, हे कबूल करतो.

एका सकाळी गेनू बैलगाडी घेऊन आला. तो आमच्याकडे बाटल्या धुवायचा, राहायचा निघोज्यात. गाडीत त्याची बायको रंभा होती, सहा महिन्यांची गरोदर, तापानं फणफणलेली. तिला रांगेत उभं राहवेना, म्हणून मी सुई घेऊन गाडीपाशी गेलो. वाकळीखाली दोघी जणी दिसल्या.

"तिची भन हाय, रतन. तिला धरून बसलीया," गेनूची आई भागूबाई म्हणाली.

मी हात मागितला. आत थोडी कुजबुज झाली आणि वाकळीतून एक हात बाहेर आला.

बोट गार होतं. आत कुणाचा तरी श्वास घरघरत होता. थंडी भरली की हातपाय गार पडतात, असं मी मनाला सांगितलं आणि टोचलं. वाकळ उचलून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण मी रक्त बघणारा माणूस, मला चेहऱ्याशी काय करायचं होतं.

पेशी भरल्या सात हजार. काही काळजी नाही, असं मी डॉक्टरांना सांगितलं. उरलेली एक खाट त्यांनी दुसऱ्याला दिली आणि रंभाला गोळ्या देऊन घरी पाठवलं. गेनू माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.

चौथ्या दिवशी रंभा गेली, पोटातल्या जिवासकट.

मी नळी तपासली, काच तपासली, माझंच रक्त काढून दोनदा मोजलं. सगळं बरोबर होतं. जेवताना, झोपताना ती घरघर कानात यायची. चुकलं कुठे ते कळेना, आणि खरं सांगायचं तर कळत होतं.

दिवसकार्य उरकून गेनू कामावर आला तेव्हा रतन त्याच्याबरोबर आली होती. ती एकटीच माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"त्या दिशी हात माजा हुता," ती म्हणाली. "रंभीची सासू म्हनली, दोन जिवांच्या बाईचं रगत काढायचं न्हाई. आमी पाठच्या भनी. एका आईचं रगत, कुनाचंबी काढलं तरी त्येच, म्हून मी हात दिला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तिला काय ठाऊक होतं? गार बोट तर मी धरलं होतं.

"मी हात दिला म्हून ती गेली का?" तिनं विचारलं. तिचे डोळे कोरडे होते. त्याचीच मला भीती वाटली.

रंभाचा खरा आकडा समोर असता, तर ती खाट तिला मिळाली असती. कदाचित वाचली असती.

"नाही गं बाई," मी म्हणालो. "त्या आकड्यावरून काही कळत नाही."

तिनं बाहेरच्या रांगेकडे बघितलं. मग काचेकडे, मग माझ्याकडे.

"मग मोजता कशापायी?"

"सवय म्हणून," मी म्हणालो.