निकेलचं पाणी

फिकट हिरवी पूड, काचेच्या बाटलीत.

तळेगाव ढमढेऱ्यात पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. ताईबाई एक उचलून कानाशी हलवते. "वाजती. वाळली."

शिरूर-दौंड रस्त्यावर उसाची ट्रॉली पुढं, एसटी मागं.

एक रेघ. सरळ, सरळ, मग घसरलेली.

रेघ मायाची. ताईबाईची ही लेक शिरूरच्या कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायची आणि पीएचडीसाठी दौंडला मारुती सरांच्या प्रयोगशाळेत जायची. पॉलिमरच्या साखळीत धातू गुंफायचा, चिमूटभर पूड तापवत न्यायची आणि वजन कुठं घटतं ते बघायचं. साखळी किती उष्णता सोसते ते त्यावरून कळतं. यंत्र पुण्यात होतं. तिकडून आलेख आले. निकेलच्या पॉलिमरचं वजन एकशे ऐंशी अंशांना घटलं होतं.

"हे काय काढलंयस?" सरांनी विचारलं.

"पाणी आहे, सर. निकेलला बांधलेलं."

"बांधलेलं? बैल आहे का?"

शेजारच्या टेबलावर वैष्णवी हसली. सरांची भाची, नुकतीच संशोधनाला लागलेली.

"नुसती ओल असती तर शंभरच्या आसपास उडाली असती," माया म्हणाली. "हे एकशे ऐंशीला जातंय. म्हणजे साखळीचाच भाग आहे."

"वाळवायचा कंटाळा केलास, एवढंच आहे ते. तुम्हा लोकांना सगळीकडं पाणीच दिसतं."

हसत म्हणाले. कुठले लोक, ते कुणी विचारलं नाही.

निकेल वगळ, म्हणाले. नमुना ओला होता असं लिही, मग सही करतो. सहीशिवाय पदवी नव्हती, पदवीशिवाय शिरूरची कायम जागा नव्हती. मायानं लिहिलं: निकेलचा नमुना नीट न वाळल्याने निष्कर्षांतून वगळला आहे. खाली तिची सही, मग सरांची.

पदवी मिळाली. जागा दुसऱ्याला.

पुढं दोन वर्षांनी एका नियतकालिकात लेख आला. निकेलच्या पॉलिमरमध्ये बांधलेलं पाणी आणि त्याची उष्णतेतली स्थिरता. नावं दोन, वैष्णवीचं आणि सरांचं. आलेख मायाचा. तीनशे अंशांपाशी रेघेला बारीक खाच होती. मायाचा नमुना तापत असताना पुण्यात वीज क्षणभर गेली होती, त्याची.

तिनं फोन लावला.

"सर, तो आलेख माझा आहे."

"तुझा नमुना ओला होता ना?"

"सर, खाचसुद्धा तीच आहे."

"प्रबंध उघड. ओला होता असं तूच लिहिलंयस, सही केलीयस. हा कोरडा नमुना आहे, माया. तुझा कसा असेल?"

तिकडून कुणीतरी सरांना चहाला हाक मारली आणि फोन बंद झाला.

ताईबाई दारात मिरच्यांचे देठ खुडत होती. "काय म्हनतोय सर?"

"मला वाळवाय येत न्हाई म्हणतोय."

"मग धाड त्याला हिकडं," ताईबाई म्हणाली. "पत्र्यावर टाकून वाळवते." आणि स्वतःच हसली. माया हसली नाही.

मायाचे नमुने पुण्याला पाठवायच्या सकाळी निकेलची बाटली ओव्हनमधून सरांनी स्वतः काढली होती, आणि हलवून बघून म्हणाले होते, "झाली कोरडी."