पिरवाडी ते केगाव, काठाकाठाने

साठी पूर्ण झाली तेव्हा सुनेने, रियाने, विनिताबाईंना चालायचे बूट आणून दिले. "आई, वडाळे तळ्याभोवतीच्या फेऱ्या आता बास. समुद्राच्या कडेने जाऊ."

रविवारी दोघी पनवेलहून उरणला पोचल्या. बेत साधा होता: पिरवाडीच्या किनाऱ्यावरून निघायचं आणि खडकांमधून केगावपर्यंत चालायचं. सकाळचे सात वाजले होते, पाणी लांब होतं. आपल्या पायांत इतका दम आहे हे विनिताबाईंना ठाऊकच नव्हतं. त्या रियाच्याही पुढे निघाल्या.

भरतीची वेळ मात्र दोघींपैकी कुणीच पाहिली नव्हती.

दोन खडकांमधल्या चिखलात विनिताबाईंचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. जोर केला तसा दुसराही गेला. रिया हात धरून ओढायला लागली, तर तीही रुतू लागली. मघाचं लांबचं पाणी आता चिखलावर पसरत येत होतं.

"ए पोरी, ओढू नको! सोड तिला!"

खडकावरचे शिंपले फोडून कालवं काढणारी एक म्हातारी टोपली टाकून लगबगीने आली. "बाय, मागं बस. फतकल मारून बस. लाज नाय करायची."

विनिताबाई नव्या कपड्यांनिशी चिखलात बसल्या. म्हातारीने हातांनी गुडघ्याजवळचा चिखल उकरला. "आता टाच हलव. हळू. पाणी आत शिरू दे."

एक पाय सुटला. मग दुसरा. एक बूट आतच राहिला.

वाळूवर आल्यावर विनिताबाई तिच्या पाया पडायला वाकल्या, तर तिने वरच्यावर धरलं. नाव जनी, म्हणाली. तेवढ्यात रियाने खडकाकडे पाहिलं. टोपली वाहून गेली होती.

"मावशी, तुमची सकाळची मेहनत गेली!"

"कालवं उद्या पन गावतील. ही गावली असती का?" जनी म्हणाली. "आज पुनव हाय, पाणी लय जोरात येतं. अष्टमीला या. दुपारी ओहोटी असते. मी नेते तुमाला."

अष्टमीला दोघी खरंच गेल्या. जनी पुढे चालली आणि कुठल्या दगडावर शेवाळ आहे, कुठे वाळू घट्ट आहे, ते दाखवत राहिली. केगावला पोचून तिघी सावलीत टेकल्या.

"मावशी, त्या दिवसापासून सकाळी जाग आली की आधी तुमचीच आठवण येते," विनिताबाई म्हणाल्या आणि त्यांनी घरून फडक्यात बांधून आणलेली भाकरी पिशवीतून काढली.

जनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "बरं झालं गं बाय. आता भाकरी सोड, भूक लागली."