विनिताची साक्ष

तेव्हा वसई ठाणे जिल्ह्यातच होती. तपासणीला साहेब ठाण्याहून येत, आणि ते येणार हे सगळ्यांत आधी नर्मदेच्या मोगऱ्याच्या वाडीला कळायचं. कामणजवळ अपंग मुलींचं वसतिगृह होतं. तिथला शिपाई काशीराम एसटीतून उतरायचा आणि कुंपणापासूनच हाक द्यायचा, "काकू, परवासाठी जाडजूड हार करा. साहेब अचानक यायचेत."

"अचानक यायचेत ते आजच कसं कळलं रे?" नर्मदेचा नवरा तुळशीदास विचारायचा.

"आमच्या श्रीरंगरावांना सगळं आधी कळतं," व्यवस्थापकांचं नाव घेऊन काशीराम डोळा मारायचा.

नवरा-बायको हसत, पण जपून. त्याच वसतिगृहात त्यांची विनिता होती. जन्मापासून हातपाय वळलेले, जीभ जड, डोकं मात्र लख्ख. वयात आलेली पोर उचलणं दोघांना झेपेना, आणि तालुक्यात तिला घेणारी दुसरी जागा नव्हती. भेटीच्या रविवारी ती व्हरांड्यातल्या बाकावर बसवलेली असायची. हल्ली दर वेळी तिची कोपरं सोललेली दिसत. "घसरते हो," असं श्रीरंगराव म्हणत. विनिता स्वतः सांगू लागली की एकेका शब्दाला इतका वेळ लागायचा, की नर्मदाच मायेने वाक्य पुरं करून टाकायची. "घसरलीस ना? जपावं ग बाळा."

त्या श्रावणात काशीराम हार सांगून गेला आणि तापाने पडला, म्हणून हार घेऊन नर्मदा स्वतः गेली. आत पाहते तो काय, चाकांच्या कोऱ्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, आणि एका खुर्चीत विनिता! असल्या खुर्च्या नर्मदेने तिथे कधीच पाहिल्या नव्हत्या.

ठाण्याहून या वेळी नव्या बाई आल्या होत्या. श्रीरंगराव हार घेऊन पुढे झाले, तशा त्या थबकल्या.

"मी येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. मग हार कुठून आला?"

"देवासाठी रोजच येतो, मॅडम. विचारा या काकूंना."

नर्मदेच्या मनात आलं, खरं बोललं तर पोर उद्या घरी पाठवतील. पण तिची नजर विनिताच्या कोपरांवर गेली.

"रोज नाही येत," ती म्हणाली. "परवाच काशीराम सांगून गेला होता."

"मुलीला घरी न्यायचा विचार दिसतोय काकूंचा," श्रीरंगराव गोड हसले.

बाईंनी हार हातात घेतलाच नाही. स्टूल ओढून त्या विनितासमोर बसल्या. "या खुर्च्या रोज मिळतात तुम्हाला?"

"तिला काय कळतंय, मॅडम!"

"मी तिला विचारलंय."

विनिताचे ओठ हलले. "खु... खुर्..."

"खुर्ची मिळते म्हणतेय," नर्मदा सवयीने बोलून गेली.

विनिताने मान झटकली. "आई. ग... गप्प!"

बाईंना हसू आलं. नर्मदेने जीभ चावली. मग दोघी थांबल्या, आणि शब्द एकामागून एक येत गेले. "तुम्ही... गेलात... की... कुलूप. खोलीत. आम्ही... सरपटत."

कोपरांचं कोडं नर्मदेला तेव्हा उलगडलं.

बाई चहाही न घेता निघाल्या. फाटकापाशी नर्मदेला म्हणाल्या, "मावशी, आज ऐकलं. उद्या बघायला येते. तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, इतक्यात कुणी परतणार नाही असं श्रीरंगराव धरून असतानाच, त्या साध्या रिक्षाने आल्या, बरोबर कामणचे दोन पंच. आत ओली फरशी, आणि तिच्यावरून कोपरांच्या जोरावर सरकणाऱ्या मुली. विनिता दारापर्यंत पोचली होती. बाईंनी सांगितल्यावर श्रीरंगरावांनी कोपऱ्यातल्या खोलीचं कुलूप काढलं. आत खुर्च्या चादरी पांघरून उभ्या होत्या.

बाईंनी आधी मुलींना खुर्च्यांत बसवलं, मगच पंचनामा लिहायला घेतला. त्यावरूनच पुढे श्रीरंगरावांचा कारभार गेला, सरकारने आपला माणूस नेमला, आणि एकाही मुलीला घरी जावं लागलं नाही. पण हे नंतरचं.

"विनिता, साक्षीदार म्हणून तुझं नाव घालू?"

"घा... ला."

"अंगठा घ्या तिचा," श्रीरंगराव चुळबुळत म्हणाले. "सही करत बसली तर दुपार होईल." त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं.

विनिताने ते मनगटाने ढकललं. "पेन."

बाईंनी आपलं पेन तिच्या बोटांत नीट बसवलं. पहिली वेलांटीच रेघ सोडून वर गेली. हात अडला, पुन्हा निघाला. पंच उभे, बाई उभ्या, श्रीरंगरावही हात बांधून उभे. बाहेर भिवंडीची एसटी येऊन गेली, तरी शेवटचा काना बाकीच होता. कुणी घाई केली नाही.

एक पंच कौतुकाने वाकून पाहू लागला. "कुणाची हो पोर?"

नर्मदेने खांदे ताठ केले.

"माझी," ती म्हणाली.